परतीचा हिशोब: विमानवाहू जहाजांवरून झालेले छापे

प्रश्न असा आहे: "पर्ल हार्बर सगळ्यांना माहीत आहे. पण विमानवाहू जहाजावरून छापे घालण्याचा इतिहास त्याच्या आधी आणि नंतर काय आहे? असा छापा यशस्वी होतो तो चांगल्या विमानांमुळे की चांगल्या वैमानिकांमुळे? अशा छाप्यांनी युद्ध जिंकता येतं का? आणि १९७१ मध्ये आपल्या विक्रांतने नेमकं काय केलं?"

मी नौदलात एअरक्राफ्ट हँडलर होतो. विमान उडवणं माझं काम नव्हतं आणि इंजिन उघडणंही नव्हतं. डेकवर विमान ओढायचं, वळवायचं, चाकांना चॉक लावायचे, साखळ्यांनी बांधायचं, आणि पुढे पिवळी जर्सी अंगावर आल्यावर हातांच्या खुणांनी वैमानिकाला त्याच्या जागेवर आणायचं, हे माझं काम. जुन्या विक्रांतची शेवटची काही वर्षं आणि नंतर विराट, असा माझा डेकवरचा काळ गेला. तेव्हा हा इतिहास मी डेकवरून जसा वाचला तसाच सांगतो.

विमानं आणि वैमानिक दोन्ही चांगले लागतातच. पण छाप्याचं गणित मांडलं जातं ते शेवटाकडून. विमान परत कधी येणार, तेव्हा जहाज कुठे असणार, उजेड किती असणार, टाकीत किती इंधन उरलेलं असणार, हे आधी ठरतं. त्यातून जाण्याचं अंतर ठरतं. अंतरावरून बॉम्ब किती न्यायचे ते ठरतं. लक्ष्यावर काय होईल हा त्यानंतरचा विषय. ज्या छाप्यांत हा परतीचा हिशोब पक्का होता आणि ज्यांत तो कच्चा होता, त्यांची तुलना केली की सगळा इतिहास उलगडत जातो.

आधी डेकची अडचण समजून घ्या. विमानाला उचलायला पंखांवरून ठरावीक वेगाची हवा वाहावी लागते. जमिनीवर तो वेग लांब धावपट्टीवर पळून मिळवता येतो. जहाजावर तेवढी लांबी नाही, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळतं आणि जोरात पळतं. वाहता वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज डेकवर मिळते. उतरतानाही तेच. म्हणजे विमानं सोडताना आणि घेताना जहाजाची दिशा कप्तान ठरवत नाही, वारा ठरवतो. मग त्या दिशेला शत्रूचा किनारा असो की पाणबुडी.

दुसरी अडचण जागेची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत डेक सरळ असायचा. उड्डाणाच्या वेळी विमानं मागच्या भागात दाटीने उभी करायची, त्यामुळे कुणाला उतरता येत नसे. उतरवताना आलेली विमानं पुढच्या भागात सरकवायची, त्यामुळे कुणाला उडता येत नसे. एका वेळी डेक एकच काम करू शकत असे. एक काम संपवून दुसऱ्यासाठी डेक मोकळा करायला वेळ लागतो, आणि त्या वेळात जहाज जवळजवळ निःशस्त्र असतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटापाशी काय झालं ते पाच मिनिटांत कळतं. त्याकडे येतोच.

पहिला खरा छापा पहिल्या महायुद्धातला. १९ जुलै १९१८ रोजी ब्रिटिश जहाज फ्युरियसवरून सात सॉपविथ कॅमल विमानं निघाली आणि टॉन्डर्न इथल्या जर्मन झेपेलिनच्या (वायूने तरंगणाऱ्या हवाई जहाजांच्या) तळावर गेली. हा तळ तेव्हा जर्मनीत होता, आज तो भाग डेन्मार्कमध्ये आहे. एल-५४ आणि एल-६० ही दोन महाकाय हवाई जहाजं त्यांच्या शेडमध्येच जळून गेली. लक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर छापा पूर्ण यशस्वी.

आता परतीची बाजू पाहा. फ्युरियसला पुढे उड्डाणाचा डेक होता आणि मागे उतरण्याचा, पण दोन्हींच्या मधोमध धुराडं आणि ब्रिजचा, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागेचा, उंच भाग तसाच उभा होता. त्याच्या मागे हवा इतकी घुसळून निघायची की मागच्या डेकवर उतरणं जवळपास अशक्य. त्याआधी ऑगस्ट १९१७ मध्ये एडविन डनिंग याने याच जहाजाच्या पुढच्या डेकवर बाजूने येऊन विमान उतरवलं होतं. चालत्या जहाजावर उतरलेलं ते जगातलं पहिलं विमान. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना तो समुद्रात पडून गेला. टॉन्डर्नच्या वैमानिकांना म्हणूनच निघतानाच ठाऊक होतं की जहाजावर उतरायचं नाही, जहाजाजवळ पाण्यात उतरायचं. एकाचं विमान इंजिन बिघडून लक्ष्यापर्यंत पोहोचलंच नाही. दोघे ताफ्याजवळ पाण्यात उतरले आणि वाचले. तिघे डेन्मार्कमध्ये उतरून अटकेत गेले. एक बुडाला. सात विमानांपैकी डेकवर परत आलं एकही नाही. विमान म्हणजे तेव्हा एकदाच वापरायची वस्तू होती. हे छापे रोजचं हत्यार व्हायचे तर आधी उतरायची सोय हवी, हा धडा फ्युरियसने दिला. पुढे तिच्यावरचा मधला सगळा भाग काढून सलग डेक बसवला गेला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत नेटका छापा टारांटोचा. ११ नोव्हेंबर १९४०, रात्र. भूमध्य समुद्रात ब्रिटिश विमानवाहू इलस्ट्रियस, आणि इटलीच्या टाचेजवळच्या टारांटो बंदरात इटलीच्या सहाच्या सहा युद्धनौका. विमानं होती स्वोर्डफिश: दोन पंखी, कापडी अंगाची, पाणतीर (टॉर्पेडो) लटकवला की कशीबशी ताशी शंभर मैलांच्या आसपास जाणारी. दिवसा असलं विमान घेऊन बंदरावर जाणं म्हणजे मरण. म्हणून रात्र निवडली.

अंतर सुमारे १७० मैल. जाऊन येऊन, आणि रात्री जहाज शोधायला थोडं हाताशी ठेवून, स्वोर्डफिशची नेहमीची टाकी पुरणारी नव्हती. मग जादा टाकी बसवली, आणि पाणतीर नेणाऱ्या विमानांत ती बसवली मधल्या बैठकीवर, जिथे निरीक्षक बसायचा. निरीक्षक मागे मशीनगनवाल्याच्या जागेवर गेला आणि मशीनगनवाला जहाजावरच राहिला. तीन माणसांचं विमान दोघांनी नेलं. परतीच्या इंधनासाठी एका माणसाची आणि एका मशीनगनची किंमत मोजली. छाप्याची आखणी म्हणजे काय, हे मी नव्या पोरांना शिकवताना नेहमी याच टाकीवरून सांगायचो.

याच टाक्यांनी एकदा घातही केला. मूळ बेत २१ ऑक्टोबरचा होता. टाकी बसवताना इलस्ट्रियसच्या हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमानघरात, आग लागली, विमानं जळाली-भिजली, आणि बेत तीन आठवडे पुढे गेला. हँगरमध्ये पेट्रोलचा वास आला की अंगावर काटा का येतो, ते डेकवर राबलेल्यालाच कळेल.

एकवीस विमानं दोन लाटांत गेली, बारा आणि नऊ. काही जणांनी बंदराच्या पूर्वेला प्रकाशगोळे सोडले, त्या उजेडात युद्धनौकांच्या काळ्या आकृत्या उठून दिसल्या, आणि पाणतीरवाले पश्चिमेकडून पाण्याला टेकत आत शिरले. बंदराचं पाणी उथळ. विमानातून टाकलेला पाणतीर आधी खोल बुडी मारतो आणि गाळात रुतू शकतो. त्यासाठी पाणतीराच्या नाकाला तार बांधून ती विमानावरच्या रिळातून सुटत जाईल अशी योजना केली होती. तारेच्या ओढीने पाणतीर सपाट पडायचा. आधीच्या वादळात इटालियनांचे विमानांची वाट अडवणारे बरेच संरक्षक फुगे उडून गेले होते आणि पाणतीर अडवणाऱ्या जाळ्या गरजेपेक्षा बऱ्याच कमी पसरलेल्या होत्या. माल्टाहून टेहळणी विमानांनी हे सगळं फोटोंत टिपलं होतं.

लिटोरियोला तीन पाणतीर लागले, काव्हूर आणि दुइलियोला एकेक. काव्हूर पुन्हा कधी लढाईला आली नाही, बाकी दोघींना काही महिने दुरुस्तीत घालवावे लागले. ब्रिटिशांची दोन विमानं गेली, दोघे मारले गेले, दोघे कैद झाले. उरलेली एकोणीस विमानं अंधारात, हलत्या जहाजावर, परत उतरली. मला या छाप्यात सर्वांत मोठं वाटतं ते हे शेवटचं वाक्य.

पर्ल हार्बरबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून परतीपुरतंच बोलतो. ७ डिसेंबर १९४१ रोजी सहा विमानवाहू जहाजांवरून दोन लाटांत साडेतीनशेहून अधिक विमानं ओआहूवर, म्हणजे पर्ल हार्बर ज्या बेटावर आहे त्यावर, गेली. जपानी ताफा कुरील बेटांतल्या हितोकाप्पू उपसागरातून २६ नोव्हेंबरला निघाला होता आणि उत्तर पॅसिफिकच्या खवळलेल्या पाण्यात टँकरांकडून तेल घेत आला होता. लोक विचारतात की अॅडमिरल नागुमो यांनी आणखी एक लाट का पाठवली नाही. तेलाच्या टाक्या शिल्लक होत्या, दुरुस्तीच्या गोद्या शिल्लक होत्या. डेकच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा निर्णय कळतो. दुसरी लाट परत यायला दुपार झाली. तिला उतरवायचं, विमानं खाली न्यायची, इंधन भरायचं, बॉम्ब चढवायचे, पुन्हा वर आणायची, म्हणजे तिसरी लाट संध्याकाळच्या तोंडावर लक्ष्यावर आणि रात्रीच्या अंधारात परत. अमेरिकी विमानवाहू जहाजं बंदरात सापडली नव्हती, ती कुठे आहेत याचा पत्ता नव्हता, आणि स्वतःचं तेल मोजकं. मी त्या जागी असतो तर मलाही माघारच सुचली असती. तेलाच्या टाक्या राहिल्या याची किंमत जपानने पुढे मोजली हेही खरंच, पण ती त्या दुपारी डेकवर दिसत नव्हती.

चार महिन्यांनी अमेरिकेने उलट टोकाचा छापा घातला, ज्यात परतीचा डेक मुळात नव्हताच. १८ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून सोळा बी-२५ बाँबर उडाली. ही सैन्याची, जमिनीवरची विमानं. उडतील याचा सराव केला होता, पण ती डेकवर उतरू शकत नव्हती. टोकियो आणि इतर शहरांवर बॉम्ब टाकून चीनमध्ये उतरायचं असा बेत होता. जपानच्या टेहळणी बोटीने ताफा पाहिला, म्हणून ठरल्यापेक्षा कितीतरी मैल आधीच विमानं सोडावी लागली. तिथेच परतीचं इंधन गेलं. पंधरा विमानं चीनच्या किनाऱ्यावर किंवा आत कोसळली, एक रशियात व्लादिवोस्तोकजवळ उतरलं. ऐंशीपैकी बहुतेक माणसं चिनी गावकऱ्यांच्या मदतीने वाचली, आणि त्या गावांवर जपानी लष्कराने नंतर भयंकर सूड उगवला. या छाप्याचं कौतुक वाचताना त्या गावांची आठवण ठेवावी, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर त्याच महिन्याच्या सुरुवातीला जपानी विमानवाहू जहाजं आपल्या दारात होती. ५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार: पर्ल हार्बरवाल्या सहापैकी पाच जहाजांवरची विमानं कोलंबोवर आली. आदल्या दिवशी कॅनडाचा वैमानिक लेनर्ड बर्चल याच्या कॅटालिना विमानाने ताफा पाहिला आणि पाडलं जाण्याआधी संदेश पाठवला, म्हणून बंदर बरंचसं रिकामं करता आलं. त्याच दिवशी समुद्रात डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल ही दोन ब्रिटिश क्रूझर वीस मिनिटांच्या आत बुडाली. दुसऱ्या दिवशी र्‍युजो या छोट्या विमानवाहू जहाजाच्या विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. नुकसान थोडं, धास्ती प्रचंड. मद्रासमधून लोकांनी गठुडी बांधून गाव सोडलं. ९ तारखेला त्रिंकोमाली, आणि बट्टिकलोआजवळ ब्रिटिश विमानवाहू हर्मीस बुडाली. तिच्यावर तेव्हा स्वतःची विमानं नव्हती. तीनशे सात माणसं गेली. विमानांवाचूनचं विमानवाहू जहाज म्हणजे मोठ्या आकाराचं लक्ष्य.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं, की अशा छाप्यांनी युद्ध जिंकता येतं का. मला वाटतं, छापा शत्रूला संपवत नाही, तो शत्रूला हलवतो. टारांटोनंतर इटलीने धड युद्धनौका वर नेपल्सला नेल्या आणि मधला समुद्र काही काळ ब्रिटिशांना मोकळा मिळाला. सिलोनच्या छाप्यानंतर ब्रिटिशांनी आपल्या जुन्या युद्धनौका पार आफ्रिकेच्या किलिंडिनीला हलवल्या आणि बंगालचा उपसागर उघडा पडला. त्या दिवसांत तिथे व्यापारी जहाजांची कत्तल झाली. पण जपान तिथे ठाण मांडून बसला नाही. मोकळी केलेली जागा धरायला मागून सैन्य आलं नाही, तर छाप्याचा परिणाम काही आठवड्यांत विरून जातो.

आता मिडवे. ४ जून १९४२. नागुमो यांनी पहाटे मिडवे बेटावर १०८ विमानं पाठवली. बेटावर आणखी मारा हवा असा संदेश आला, म्हणून हँगरमध्ये ठेवलेल्या विमानांचे पाणतीर काढून जमिनीवरचे बॉम्ब चढवायला सुरुवात झाली. अर्धं काम झालं आणि टेहळणी विमानाने शत्रूची जहाजं दिसल्याचं कळवलं, मग त्यांत विमानवाहू आहे असंही. तेवढ्यात मिडवेहून परतलेली विमानं डोक्यावर घिरट्या घालू लागली, टाक्या रिकाम्या होत आलेल्या. डेक एका वेळी एकच काम करतो हे मी वर म्हटलं ना, तो हा क्षण. आधी उडवायचं तर परतलेले समुद्रात पडणार. आधी उतरवायचं तर हल्ला तासाभराने मागे जाणार. नागुमोंनी आपली माणसं उतरवून घेतली. पुन्हा हल्ल्याची तयारी पूर्ण होण्याआधी, साडेदहाच्या सुमारास, अमेरिकी डाइव्ह बाँबर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) वरून आले, आणि आकागी, कागा, सोर्‍यू या तिन्ही जहाजांच्या हँगरमध्ये इंधन भरलेली विमानं आणि इतस्ततः पडलेले बॉम्ब होते. संध्याकाळी चौथी विमानवाहू हिर्‍यूही पेटली. पुस्तकांत याला अनिर्णय म्हणतात. मी डेकवर उभं राहून वर घिरट्या घालणारी विमानं पाहिली आहेत, त्यामुळे त्या माणसाला दोष देणं मला जमत नाही.

अमेरिकनांनी परतीच्या हिशोबाला सगळ्यांत मोठं रूप दिलं. त्यांनी त्यासाठी वेगळी यंत्रणाच उभी केली. १९४४ पासून बेटांवरच्या प्रत्येक मोठ्या छाप्याच्या वेळी किनाऱ्याजवळ पाणबुडी थांबवलेली असायची, पाण्यात पडलेल्या वैमानिकांना उचलायला. ट्रूक बेटांवरच्या एप्रिल अखेरच्या छाप्यात टँग या एकट्या पाणबुडीने बावीस जणांना उचललं. त्यांतले बरेच जण किंगफिशर या छोट्या तरंगत्या विमानाने पाण्यातून वेचून आणलेले. आत जागा नव्हती, म्हणून माणसं पंखांवर बसली आणि विमान पाण्यावरून सरपटत पाणबुडीपर्यंत गेलं. सप्टेंबर १९४४ मध्ये चिचीजिमावरच्या छाप्यात पडलेला एक तरुण वैमानिक फिनबॅक पाणबुडीने असाच उचलला. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, थोरला जॉर्ज बुश. वैमानिकाला खाली कुणीतरी वाट पाहतंय हे माहीत असलं की तो लक्ष्यावर आणखी थोडा खाली उतरतो.

आणि २० जून १९४४ ची रात्र. फिलिपाइन समुद्रात दुपार उलटल्यावर जपानी ताफा सापडला, पण अंतर पल्ल्याच्या टोकाला. अॅडमिरल मिशर यांनी दोनशेहून अधिक विमानं सोडली, परत येताना अंधार असणार आणि टाक्या कोरड्या असणार हे पुरतं जाणून. छाप्यात वीसच्या आसपास विमानं गेली. परतताना इंधन संपून किंवा उतरताना आदळून गेली ऐंशीच्या आसपास. परतीच्या वेळी मिशर यांनी सगळ्या ताफ्याचे दिवे लावायला लावले. पाणबुड्यांचा धोका असलेल्या पाण्यात, युद्धकाळात, जहाजांनी डेकचे दिवे, शोधदिवे सगळं पेटवलं. ज्याला जो डेक दिसेल त्यावर त्याने उतरावं अशी मुभा दिली. पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेक त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत सापडले. ताफा धोक्यात घातला की माणसं वाचवली, यावर आजही दोन मतं आहेत. माझं एकच आहे. त्या दिव्यांनंतर त्या ताफ्यातला कोणता वैमानिक उद्याच्या छाप्याला निघताना कचरला असेल?

युद्धानंतर ब्रिटिशांनी तीन गोष्टी दिल्या आणि डेकचं आयुष्य बदललं: वाफेचा कॅटापल्ट (विमानाला डेकवरून पुढे फेकणारं यंत्र), तिरका डेक आणि उतरणाऱ्या वैमानिकाला योग्य उतार दाखवणारा आरसा. तिरक्या डेकमुळे उतरणाऱ्याची तार (विमान थांबवायला डेकवर आडवी ताणलेली) हुकली तर तो समोरच्या विमानांवर न आदळता सरळ पुन्हा हवेत जाऊ शकतो. आपली पहिली विक्रांत हे सगळं घेऊन मार्च १९६१ मध्ये बेलफास्टला नौदलात दाखल झाली. सांगाडा मात्र दुसऱ्या महायुद्धातला, हर्क्युलिस नावाने १९४५ मध्ये पाण्यात सोडलेला.

१९७१ ची गोष्ट सांगताना लोक विक्रांतवरच्या सी हॉक विमानांच्या माऱ्यापासून सुरुवात करतात. मी बॉयलरपासून करतो. विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमना तडे गेले होते आणि नवे ड्रम वेळेत मिळणार नव्हते. वाफेचा दाब उतरवून चालवायचं ठरलं, म्हणजे जहाजाचा वेग घटला. वेग घटला म्हणजे डेकवरचा वारा घटला, आणि कॅटापल्टही वाफेवरच चालतो. त्यात डिसेंबरचा बंगालचा उपसागर, जिथे वारा बऱ्याचदा पडलेला असतो. वर सांगितलेली ती बेरीज आठवा: वारा कमी, जहाजाचा वेग कमी. अशा जहाजाला युद्धावर पाठवावं की नाही यावर नौदलात खरोखर वाद झाला. नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा यांनी तिला पूर्वेला पाठवायचा निर्णय घेतला. १९६५ च्या युद्धात विक्रांत गोदीत होती, ते शल्य नौदलाच्या मनात होतंच.

तिला शोधायला पाकिस्तानची गाझी पाणबुडी कराचीहून बंगालच्या उपसागरात आली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात दडवून ठेवली आणि ती विशाखापट्टणलाच आहे असा भास निर्माण केला; त्यासाठी जुनी विनाशिका राजपूत कामाला लावली. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणच्या तोंडाशी बुडाली.

४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक कॉक्स बाजारच्या विमानतळावर गेली, साठ सागरी मैलांवरून. दुपारी चितगाव. सी हॉक हे एका इंजिनाचं, एकच वैमानिक असलेलं जेट, तोवर जुनंच झालेलं. रॉकेट, बॉम्ब आणि चार तोफा. पुढचे दिवस चितगाव, खुलना, मोंगला इथल्या धावपट्ट्या, गोद्या आणि जहाजं यांच्यावर फेऱ्या चालू राहिल्या. त्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना आणि जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं.

पण मला अलिझेबद्दल जास्त सांगायचं आहे, कारण तिचं नाव कुणी घेत नाही. अलिझे हे पंख्याचं, तीन माणसांचं, पाणबुड्या शोधायला बनवलेलं फ्रेंच विमान. ते हवेत तासन्‌तास राहू शकतं आणि रात्री काम करू शकतं. दिवसा सी हॉकनी मोडलेल्या धावपट्ट्या रात्रीत दुरुस्त होऊ नयेत म्हणून अलिझे रात्री बॉम्ब घेऊन जायची. रात्री, मंद वाऱ्यात, दाब उतरवलेल्या बॉयलरच्या जहाजावर परत उतरणं. त्या काळात डेकवर असलेले आमचे वरिष्ठ याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली आणायचे. ते सांगायचे की वारा कुठे आहे हा प्रश्न दिवसभर सगळ्यांच्या तोंडी असायचा. वाऱ्याची झुळूक आली की डेक हलायला लागायचा.

शत्रूच्या माऱ्यात विक्रांतचं एकही विमान गेलं नाही. पूर्वेकडची बंदरं आणि सुटकेची सागरी वाट बंद झाली, आणि वर म्हटलं ते इथे पुरतं लागू पडतं: समुद्र मोकळा केल्यावर तो धरायला जमिनीवरून आपलं सैन्य पुढे सरकत होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

गोव्याबद्दलही एक गैरसमज कानावर येतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी विक्रांत अरबी समुद्रात पहाऱ्यावर होती, पण तिच्यावरून गोव्यावर हवाई हल्ला झाला नाही. गोव्याचा आणि या विमानांचा खरा संबंध दाबोळीचा. सी हॉक आणि अलिझे यांचं जमिनीवरचं घर म्हणजे तिथला नौदलाचा हंस तळ होता. वास्को-बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, तिथे दोन्ही विमानं उभी आहेत. गेलात तर पंख घडी होण्याचा सांधा नीट बघा. लिफ्टच्या मापात विमान बसवायचं म्हणून पंख दुमडायची सोय आहे. आणि शेपटीखालचा हूक बघा. तारेत अडकणारा तो हूक नसता तर वरचं एकही पान लिहिलं गेलं नसतं.

माझं स्वतःचं जहाज विराट. ती आपल्याकडे मे १९८७ मध्ये आली. त्याआधी ती ब्रिटनची हर्मीस होती, १९४२ मध्ये बुडालेल्या हर्मीसचंच नाव मिळालेली. १ मे १९८२ रोजी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धात तिच्यावरून बारा सी हॅरियर निघाली, नऊ पोर्ट स्टॅनलीच्या विमानतळावर आणि तीन गूस ग्रीनवर. बाराच्या बारा परत आली, एकाच्या शेपटीला तोफेच्या गोळ्याने भोक पडलेलं. जहाजावर असलेल्या बीबीसीच्या वार्ताहराला किती विमानं गेली हा आकडा सांगायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने सांगितलं की जाताना सगळी मोजली आणि येतानाही सगळी मोजली.

पहिल्यांदा विराटच्या डेकवर पाय ठेवला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. नंतर कळलं. मग रोज सकाळी डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे एका रांगेत चालत खिळा, वायसर, दोऱ्याचा तुकडा वेचायचो तेव्हा ते आठवायचं. सराव असला तरी गेलेली विमानं फळ्यावर लिहिलेली असायची. चार गेली असतील तर तीन साखळ्यांनी बांधून झाली तरी कुणी डेक सोडत नसे. चौथं दिसेपर्यंत सगळ्यांच्या माना जहाजाच्या मागच्या बाजूला वळलेल्या असायच्या.